तीन चमचे साखरेची साक्ष

मी एक जुना तांब्याचा बंब आहे मित्रांनो, चहाचं पाणी उकळणारा. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात, चर्चच्या हॉलमध्ये माझं आयुष्य गेलं. बारसं असो की मयत, पाणी मीच तापवायचं. आता तोटी गळते, बुडाला क्षार धरलाय आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलोय.

अडतीस वर्षं माझी तोटी लव्हडे हॉकिंग या बाईंच्या हातात होती. कोण किती दूध घेतो, कुणाला साखर किती, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. पुढे वय झालं आणि त्या विसरायला लागल्या. लेकीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. एकदा तर जोडे ओव्हनमध्ये ठेवले. तरी दर गुरुवारी हॉलमधल्या चहाला त्याच उभ्या राहत, कारण हात अजून चुकत नव्हते.

त्या वर्षी भाजीपाल्याच्या प्रदर्शनाचा चांदीचा चषक हॉलच्या कपाटातून नाहीसा झाला. सलग अकरा वर्षं तो हॉलच्या समितीचे अध्यक्ष ट्रेगियर साहेब यांच्या कांद्यांना मिळाला होता. यंदा टपालवाल्याच्या कांद्यांनी बाजी मारली होती. चषक गेला शनिवारी दुपारी. कपाटाची एक किल्ली साहेबांकडे, पण ते म्हणाले, आपण त्या दिवशी गावातच नव्हतो. दुसरी राखणदार डेन्झिलकडे. मग काय, सगळ्यांची बोटं त्याच्याकडे! बिचारा हॉलमागच्या खोलीत राहायचा. चोर ठरला असता तर नोकरी गेली असती आणि डोक्यावरचं छप्परही.

त्या दुपारी हॉलमध्ये लव्हडेबाई एकट्याच कपबशा धूत होत्या. पोलिसाने त्यांना परोपरीने विचारलं. कुणीतरी आलं होतं, मी चहा दिला, एवढंच त्या सांगत. कोण, ते काही केल्या आठवेना. ट्रेगियर साहेब म्हणाले, जोडे भाजणाऱ्या बाईची साक्ष काय धरून बसलात. मित्रांनो, मी सगळं पाहिलं होतं. पण बंबाला कोण विचारतो? आपण नुसतं उकळत राहायचं.

गुरुवारी डेन्झिलला काढून टाकायला समिती बसली. लव्हडेबाईंनी नेहमीसारखा चहा फिरवला. ट्रेगियर साहेबांसमोर आल्या, त्यांच्या कपात तीन चमचे साखर घातली आणि ढवळून पुढे केला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या भुवया चढल्या.

"बाई, मला साखर सोडून दोन वर्षं झाली," साहेब हसत म्हणाले. "अख्ख्या गावाला माहीत आहे."

"हो का? शनिवारी तर तीन चमचे मागून घेतलेत. हिला सांगू नका म्हणालात. आणि अर्धा कप टाकून त्या कपाटाशी गेलात."

"शनिवारी तुम्ही भावाकडे गेला होतात ना?" बायकोने विचारलं. साहेबांनी कप दूर सारला. संध्याकाळी चषक त्यांच्याच शेडमध्ये, पोत्याखाली सापडला.

डेन्झिल वाचला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. बाईंचे आभार मानायचे तेवढे राहून गेले, आणि त्या स्वतःही सारं विसरून गेल्या. हिवाळ्यापर्यंत त्यांचे हातही चुकायला लागले, तेव्हा समितीने त्यांना खुर्चीत बसवलं. तोटीशी डेन्झिल आला. पहिला कप त्याने त्यांच्यासाठीच भरला आणि चमचा हातात धरून विचारलं, "लव्हडेबाई, तुम्हाला साखर किती?"

त्यांनी त्या चमच्याकडे पाहिलं.

"ठाऊक नाही रे. मला कधी कुणी विचारलंच नाही."

मित्रांनो, मलाही सांगता आलं नसतं. अडतीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर किटलीत उरेल तो गार चहा त्या उभ्याउभ्याच प्यायच्या, आणि मी ते दर वेळी बघत होतो. तुमच्या घरात कुणी असा उभ्याने चहा पीत असेल, तर माझ्यासारखं नुसतं बघत राहू नका. त्यांना आठवतंय तोवर विचारून घ्या.