तिसऱ्यांदा विचारलं तर

तारामतीनं तव्यावरची भाकरी उचलली आणि थेट दिव्याच्या ताटात टाकली.

"आई, नको म्हटलं की मी!"

"ऐकलं. अर्धी तरी खा."

"अर्धी कुठं? अख्खी टाकलीस."

"पडली आता. खा गुमान."

ताटात अन्न उष्टं सोडायचं नाही हे दिव्याला लहानपणापासून पाठ होतं आणि तारामतीची सगळी भिस्त त्यावरच होती. शेजारी जेवत बसलेले तवनाप्पा खाली बघून हसले. लेक वर्षभरानं लीड्सहून शिकून आली होती. तिची फजिती बघायला त्यांना बरं वाटत होतं. बाहेर कौलांवर अजून ऊन होतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची ही या जैन घराची पिढीजात रीत, त्यामुळे संध्याकाळी चुलीपाशी सगळी घाईच असायची.

निपाणीतल्या या घरात पंगतीला बसलेल्याच्या 'नको'ला काडीची किंमत नाही. पहिलं 'नको' मानापुरतं. दुसरं लाजेपोटी. तिसऱ्यांदा हात आडवा आला, तर पोट भरलं असावं असा संशय घेतात, एवढंच. दिव्या हेच शिकून विलायतेला गेली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्यावर उपाशी झोपायची पाळी आली.

तिनं खोली घेतली होती ती आयलीनबाईंच्या घरी. बाई साठी उलटलेल्या, एकट्या, लायब्ररीतली नोकरी संपवून घरी बसलेल्या. त्यांनी विचारलं, "सूप घेणार का? टोस्टपण आहे." दिव्याच्या पोटात कावळे ओरडत होते. तरी ती शाळेत घोटून घेतलेलं 'नो, थँक्यू' स्वच्छ म्हणाली आणि आता पुन्हा विचारतील म्हणून तिथंच उभी राहिली. बाई "बरं" म्हणाल्या आणि आपली वाटी घेऊन टीव्हीपुढं जाऊन बसल्या.

काय बाई आहे! आलेल्या पोरीला एकदा विचारून मोकळी! दिव्यानं खोलीत जाऊन बॅगेतल्या चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही बाईंनी विचारलं, तिनं रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि पुन्हा चकल्या. तिकडं आयलीनबाईंना वाटत होतं, पोरीला आपल्या हातचं चालत नसावं, देवाधर्माचं काही असेल, खोदून विचारून तिला कशाला अवघडवायचं? दोघीही आपापल्या जागी सभ्यपणा करत होत्या आणि त्या सभ्यपणात पोर वाळत चालली होती.

चकल्या संपल्या त्या दिवशी दिव्याला रडू फुटलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सगळं सांगितलं: आमच्याकडं तीनदा विचारतात, पहिल्यांदाच हो म्हणणारं माणूस हावरट दिसतं. आयलीनबाई आधी हसून हसून बेजार झाल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि तिला खुर्चीत बसवलं.

"हे बघ, या घरात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. पाहिजे असलं की मागायचं. फार तर काय होईल? समोरचा नाही म्हणेल."

कॉलेजात वर्षभर जे इंग्रजी शिकवलं त्याहून हे अवघड होतं. एका मैत्रिणीची आई म्हणाली, "ये की कधीतरी घरी." दिव्या त्याच रविवारी लाडवांचा डबा घेऊन दारात हजर! ती माणसं आंघोळीच्या टॉवेलवर होती. 'कधीतरी' म्हणजे बोलावणं नव्हे, हे तिला त्या दारात उभं राहून कळलं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, हेही ती तिथंच शिकली. आणि ती सवय अशी लागली, की परवा बेळगावला बसमधून उतरतानाही ती तसंच म्हणाली. ड्रायव्हरनं दचकून मागं बघितलं. "काय राहिलं काय ताई गाडीत?"

पण आयलीनबाईही शिकल्या. दिव्या रात्री जेवत नाही एवढं त्यांनी एकदा ऐकून ठेवलं होतं. डिसेंबरात तिथं चारच्या सुमाराला दिवस मावळायला लागला, तसं टेबलावर साडेतीनलाच दिव्याचं ताट दिसायला लागलं. बाजारातून बाई धापा टाकत यायच्या. "उजेड आहे तोवर खा बघू!" आणि सूप वाढताना मुद्दाम एकदा, दोनदा, तीनदा विचारायच्या, बोटं मोजून. फोनवर हे ऐकलं तेव्हा तारामतीनं पदर डोळ्याला लावला होता. "माझ्या लेकीचं जेवण सांभाळलं गं त्या माउलीनं. कुठं फेडू हे?"

आता लीड्सच्याच एका कंपनीनं दिव्याला नोकरी देऊ केली होती. येणाऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं. हो की नाही, ते आजच कळवायचं होतं. तवनाप्पांनी अर्ध्या निपाणीला सांगूनही टाकलं होतं. दिव्यालाही जायचं होतं, खोटं कशाला बोला. तिच्या मनाला एकच लागून राहिलं होतं: आईला हे खरंच चालणार आहे का? तिच्या मनाविरुद्ध गेलं तर तिकडं घास गोड लागणार नव्हता.

सकाळी तिनं विचारून घेतलं होतं.

"आई, जाऊ मी?"

"जा की. मला काय हुतंय?"

झालं. आयलीनबाईंच्या हिशेबानं विषय संपला होता. जेवण उरकून दिव्यानं ताट धुऊन ठेवलं आणि होकार कळवायला फोन हातात घेतला.

मागं तारामती आपलं ताट घेऊन बसली. सगळ्यांचं झाल्यावर, नेहमीसारखी. कौलांवरचं ऊन सरकत आढ्याला पोचलं होतं. तिच्या ताटात अर्धी भाकरी आणि पातेल्याच्या तळातली आमटी. ती भराभर खात होती, कारण उजेड चालला होता.

"आई, बुट्टीत भाकरी हाय. देऊ?"

"नको गं. सकाळला हुईल ती."

"बरं," दिव्या म्हणाली.

म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. अगदी आयलीनबाईंसारखं 'बरं' होतं ते. इथं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तीनतीनदा विचारतात, कुणाच्या 'नको'वर विश्वास ठेवत नाहीत. आईचं 'नको' मात्र पहिल्याच फटक्यात खरं धरलं जातं. आप्पा धरतात. तिनंही आजवर तेच केलं होतं. भाकरीच्या बुट्टीजवळ बसलेल्या बाईला कुणी वाढायचं असतं, हेच कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दिव्या फोन बाजूला ठेवून आईसमोर बसली.

"आई, जाऊ मी?"

"सांगितलं की. जा."

"एकदा इचारलंस, जा म्हणाली ती," तवनाप्पा हात पुसत म्हणाले. "आता परत परत काय?"

दिव्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. "आई. खरं सांग. जाऊ?"

तारामतीचा घास हातातच राहिला. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं. पंगतीत अचानक आपल्यालाच आग्रह झाल्यावर माणूस गांगरतं, तशी ती गांगरली होती.

"जा. जाऊ नको असं न्हाय म्हणत मी," ती हळू म्हणाली. "पर दिवाळी करून जा. गेल्या वर्साला पहाटंचं बस्तीच्या देवळात लाडू चढवायला एकटीच गेलते. समद्या आपापल्या लेकी-सुना घेऊन आलत्या. देवापुढं उभी हुते, पर ध्यान सगळं तुझ्याकडं."



"मग हे आधी का सांगितलं न्हाईस?" तवनाप्पांनी विचारलं.

"आधी इचारून थांबलं कोण?"

दिव्या फोन घेऊन बाहेर कट्ट्यावर गेली. लीड्समध्ये तेव्हा दुपार होती. पहिलीच नोकरी, आणि रुजू व्हायच्या आधीच सवलत मागायची! गेली तर? पण पाहिजे असलं की मागायचं. तिनं नंबर लावला आणि आढेवेढे न घेता सांगितलं, की नोकरी मला हवी आहे, पण सण आईबरोबर करून आले तर चालेल का? पलीकडच्या बाईंनी "जरा थांबा" म्हटलं. तो जरासा वेळ फार मोठा होता.

ती आत आली तेव्हा तारामती शेवटचा घास मोडत होती, दाराकडं डोळे लावून.

"काय म्हणाली ती माणसं?"

"तिथली बाई बरं म्हणाली. नोव्हेंबरात या म्हणाली."

"कितींदा इचारलंस?"

"एकदाच."

"एकदाच?" तारामतीला ते पटेना. "आन् लगेच हो म्हणाली? लई भली माणसं गं ती!" तिनं उष्टा हातच कपाळाला टेकवल्यासारखं केलं, ओळख ना पाळख अशा त्या बाईंसाठी. मग ती ताट उचलायला लागली.

"थांब," तवनाप्पा म्हणाले.

ते उठले आणि बुट्टीतली भाकरी घेऊन तिच्यापुढं आले. संसारात पहिल्यांदाच वाढायला वाकत असावेत, कारण भाकरी कशी धरावी तेही त्यांना समजत नव्हतं.

"घे."

"अहो, नको. झालं माझं."

"घे की. उजेड हाय अजून."

"नको म्हटलं न्हवं?"

तवनाप्पा तसेच वाकून राहिले. दिव्या भिंतीला टेकून बघत होती. तिनं मध्ये काही बोलायचं नाही असं ठरवलं.

"अगं, घे," ते म्हणाले.

तारामतीनं ताट पुढं केलं.