कानपिळी बाकी आहे

श्रीकृष्णच्या, म्हणजे घरच्यांच्या किसनाच्या नाकात एव्हाना इतक्या काड्या गेल्या होत्या, की कोणी नुसतं मास्क खाली कर म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मस्कतहून निघताना तपासणी, मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर परत तपासणी. तिथल्या रांगेत त्याला उभ्याउभ्याच डुलकी लागली, तेव्हा मागच्या माणसानं बॅगेनं ढोसून त्याला पुढं सरकवलं. शेवटी पांढऱ्या पोशाखात पार गुंडाळलेल्या एका मुलीनं त्याच्या डाव्या हातावर जांभळा शिक्का मारला. शिक्क्यात तारीख होती. तोवर कोणात मिसळायचं नाही.

तारीख वाचून एवढ्या शिणवट्यातही त्याला हसू आलं. मुदत बरोबर अर्पिताच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संपत होती.

अर्पिता त्याची एकुलती एक बहीण, आणि लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. भावानं कान धरून दम द्यायचा, की माझ्या बहिणीला नीट सांभाळ. नवरदेवानं नवे कपडे देऊन आपला कान सोडवून घ्यायचा. किसना मस्कतला गेला तेव्हा अर्पिता शाळेत होती. तेव्हाच तिनं बजावून ठेवलं होतं, की कान दुसऱ्या कोणी पिळला तर मी मांडवातून उठून जाईन. आणि ती जाणारी पोरगी होती.

दारव्ह्याजवळच्या आपल्या गावी पोचल्यावर तो घरी गेलाच नाही. वडिलांनी, विठ्ठलरावांनी शेतातल्या टिनाच्या खोलीत खाट टाकून ठेवली होती. आई, विमलताई, डबा बांधावर ठेवून मागं सरायची, मग तो जाऊन उचलायचा. उन्हानं टिन तडतडायचं. उठायचं, शिक्का बघायचा, पुन्हा आडवं व्हायचं. गावच्या आशा सेविका मंजुषाताई रोज येऊन लांबूनच ताप, खोकला विचारून जायच्या.

हळदीच्या दिवशी डब्यासोबत एक वाटी आली. तेलात कालवलेली हळद. भावाच्या अंगाला हळद नाही लागली तर नवरीची हळद अपुरी, असं आईचं म्हणणं. चोळून घे अन् बेसन लावून धुऊन टाक, असं तिनं बांधावरूनच सांगितलं. किसनानं मुकाट्यानं हात, पाय, मान, सगळं चोळलं, विहिरीच्या पाण्यानं धुतलं. संध्याकाळी सवयीनं हात पाहिला. हात पिवळाधमक होता. शिक्का नव्हता.

मंजुषाताई त्या हाताकडं बघतच राहिल्या.

"हे काय केलं रे बाप्पा तुनं?"

"हळद लावली, ताई. बहिणीची."

त्यांना खरं वाटलं, पण खरं वाटून भागत नव्हतं. तोवर कोणीतरी तालुक्याला फोनही लावला होता. तिकडून उत्तर आलं, शिक्का पुसणं म्हणजे नियम मोडणं. माणसाला दारव्ह्याच्या विलगीकरण केंद्रात आणा, तपासणी नव्यानं, दिवसही नव्यानं. हळद मी दिली, मले घेऊन चला, म्हणून विमलताई बांधावरच बसून राहिल्या.

"काकू, तारीख बरोबर होती हे मी लिहून देईन," मंजुषाताई म्हणाल्या. "पण उद्याच्या आत ते वाचते कोण?"

ज्या शिक्क्यानं त्याला इतके दिवस कोंडलं, तोच उद्या त्याला सोडवणार होता. हे किसनाला गाडीत बसल्यावर कळलं. भांडावंसं वाटलं, पण भांडायला अंगात जोर लागतो. पुन्हा रांग. पुन्हा नाकात काडी.

केंद्र म्हणजे बंद पडलेलं वसतिगृह. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून त्यानं फोनवर लग्न पाहायला घेतलं. दुसऱ्या मंगलाष्टकेपर्यंत तो जागा होता.

खाली हॉर्न वाजला तेव्हा त्याला जाग आली. फाटकाबाहेर जीप उभी होती, तिच्यावरच्या झेंडूनं माना टाकल्या होत्या. अर्पिता, तिच्या मुंडावळ्या, खाली मास्क. बाजूला नवरदेव अवधूत, घामानं डबडबलेला.

"दादा, झोपला होता काय?"

"हो."

"माह्या लग्नात?"

मांडवात काकांचा पोरगा कान पिळायला टपूनच उभा होता, पण मी त्याला जवळ फटकू दिलं नाही, हे तिनं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मग अवधूतला दंडाला धरून पुढं केलं.

"कान तसाच आणला तुह्यासाठी."

किसनानं गजांतून हात बाहेर काढला. हळदीचा रंग अजून गेला नव्हता. हाताच्या आणि कानाच्या मधे एक मजला, एक फाटक आणि एक पहारेकरी. अवधूतनं वर पाहिलं, थोडा विचार केला.

"दादा, डावा का उजवा?"

"उजवा."

अवधूतनं आपल्याच हातानं आपला उजवा कान धरला आणि पिळला.

"अजून," वरून आवाज आला.

त्यानं अजून पिळला. पार टाचा उचलेपर्यंत. पहारेकरी तोंड फिरवून हसत होता.

"माह्या बहिणीले नीट ठेवजा," किसना म्हणाला. मस्कतला त्यानं याहून मोठा दम घोकून ठेवला होता, पण मधेच त्याला जांभई आली. ती पाहून अर्पिता हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

कपड्यांचं पुडकं पहारेकऱ्याकडं गेलं. कान लाल झाला होता.

"सोडू काय आता?" अवधूतनं विचारलं.

किसनानं गजांना कपाळ टेकवलं. त्याला कुठं जायचं नव्हतं.

"थांबा जराक," तो म्हणाला.