काचेची पेटी

प्रमिलाबाईंचा नेम काही फार मोठा नव्हता. दिवेलागणीला देवापुढे एक अभंग, मग आरती, आणि मगच तोंडात घास. ताप असो, पाहुणे असोत, लाइट गेलेली असो, नेम चुकला नव्हता. पण तो दोघांचा मिळून होता. आवाज त्यांचा आणि पेटी जीवरामभाऊंची. जळगावात मेहरूणच्या त्या लहानशा घरात देव्हाऱ्यापाशी एका पाटावर ते बसत, पेटीच्या अलीकडे समोरासमोर प्रमिलाबाई. समईचा उजेड मध्ये पडे. सारा संसार त्या उजेडातून त्यांनी नवऱ्याची बोटं बघितली होती.

जीवरामभाऊ गेले, आणि त्यांच्याच शब्दाप्रमाणे पेटी असोद्याच्या विठ्ठल मंदिरात गेली. "घरात ठेवशील तर तिच्यावर धूळ बसेल," ते म्हणाले होते, "तिथं निदान माणसं तरी बसतील."

पेटी गेली, नेम राहिला. पण सुराशिवाय गायची सवयच नव्हती. खुंटा सुटलेल्या वासरासारखा आवाज भटके. पहिली ओळ आपल्या अंगणात, तर तिसरी शेजाऱ्याच्या. कधीकधी अर्ध्यातच त्या थांबत आणि हात जोडून म्हणत, "एवढंच घे रे बाबा आज." नेम झाला, असं त्यांना तेव्हा वाटत नसे. मग ताट अर्धंच टाकून त्या उठत.

आषाढात मुलगा ललित आणि त्याची बायको दिपमाला धुळ्याहून आले, तेव्हा हे सुनेच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रमिलाबाईंचाच मोबाईल तिनं त्यांच्या हातात दिला.

"आई, ही घ्या तुमची पेटी."

काचेवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या होत्या. प्रमिलाबाईंनी भीतभीत एकीवर बोट ठेवलं. हुबेहूब पेटीचा सूर निघाला.

"अगं बाई. आणि हिचा भाता कुठाय?"

"हिला वारा घालावा लागत नाही."

"मग श्वास कुठून घेते?"

"चार्जरमधून," ललित आतल्या खोलीतून म्हणाला.

वाजवायला घेतलं तर भलतंच होऊन बसलं. बोटं चढावर जायला निघत आणि सूर उतारावर जाई. दिपमालानं हळूच पट्ट्यांवरचं सा रे ग म दाखवलं. प्रमिलाबाईंनी मान हलवली, पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मग त्यांच्या लक्षात आलं. जन्मभर पेटी त्यांनी समोरून पाहिली होती. त्यांच्या डोळ्यांत ती उलटीच बसली होती. त्यांच्या डाव्या हाताला उंच सूर, उजव्या हाताला खालचे.

त्यांनी मोबाईल फिरवून ठेवला. पट्ट्याही लगेच फिरल्या आणि पुन्हा सुलट झाल्या.

"बघ की, ऐकतच नाही."

दिपमाला हसली. तिनं काहीतरी दाबलं, आणि मग मोबाईल कसाही फिरवला तरी पट्ट्या जागच्या हलेनात. आता पेटीची वाजवायची बाजू पलीकडच्या रिकाम्या पाटाकडे होती. प्रमिलाबाई नेहमीच्या जागी बसल्या आणि पेटीवरून हात पलीकडे नेऊन त्यांनी सूर धरला. बोटं कष्टानं कोरडी झालेली, काचेला ती कळत नसत. त्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून, पदराला पुसून पुन्हा ठेवत. डाव्या हाताला काम नव्हतं. तो आपोआप भात्यासारखा हलत राही.

आरतीच्या मधोमध फोन वाजला. पेटी गडप झाली आणि कुणीतरी बाई रिचार्ज संपत आल्याचं सांगू लागली.

"आरतीआधी हे विमानाचं चित्र दाबायचं," दिपमालानं शिकवलं, "म्हणजे कुणाचा फोन येत नाही. आरती झाली की पुन्हा दाबायचं. विसरू नका हं."

"विसरते कशाला?"

दोघं धुळ्याला गेली. प्रमिलाबाई विसरल्या नाहीत. पण आरती झाल्यावर विमान काढायला बोट पुढं केलं आणि ते तसंच थांबलं. नैवेद्याची वाटी आपण रोजच्या आमटीला घेतो का? जीवरामभाऊ अंघोळीवाचून पेटीला हात लावत नसत, दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत. आणि आपण याच काचेत तोंड घालून भाजीचे भाव बोलायचे? मोबाईल आता वाद्य झाला होता. त्यांनी त्याला कुंकवाचं बोट लावलं, धुतलेल्या खणात गुंडाळला आणि देव्हाऱ्यात ठेवला. ललितला बोलायचं झालं तर शेजारी कोकिळाबाईंकडे करील. पूर्वी करायचाच की.

कोकिळाबाई साक्रीकडच्या. जळगावात आयुष्य गेलं तरी जिभेवरची अहिराणी गेली नव्हती.

"काय वं अक्का, मोबाईलले कुकू?"

"वाद्य आहे ते."

"बठ्ठं जग त्यावर रील देखस, आनि तू त्याले हात जोडस." त्या हसल्या, प्रसादाची खडीसाखर तोंडात टाकली, आणि त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला जामनेरला निघून गेल्या.

आवाज हळूहळू जागेवर आला. अभंग अंगणातून बाहेर जाईनासा झाला. पण अभंग संपला की घर पूर्वीपेक्षा जास्त गप्प वाटे. सूर थांबल्यावर जीवरामभाऊ घसा खाकरत आणि म्हणत, "आज बरा लागला." तेवढी जागा रोज रिकामी जाई. रविवार आला. ललितचा फोन रविवारी येई. प्रमिलाबाई दुपारभर कोकिळाबाईंच्या बंद दाराकडं बघत तांदूळ निवडत राहिल्या. फोन देव्हाऱ्यात, शेजारीण जामनेरला, मग निरोप येणार कुठून, हे त्यांना कळत होतं. तरी वाटत होतं, येईल काहीतरी.

सोमवारी सकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. ललित हेल्मेट हातात घेऊनच आत आला. धुळ्यापासूनचा रस्ता त्याच्या तोंडावर बसला होता.

"आई!"

"अरे, आलास? चप्पल तरी काढ."

"फोन का बंद आहे तुझा? किती दिवस झाले. कोकिळाकाकूंना केला, त्या जामनेरला. रात्रभर डोळा नाही आम्हा दोघांना."

"बंद कुठाय? देव्हाऱ्यात आहे."

ललित पाटावर बसला. त्याला रागवावं की हसावं कळेना. प्रमिलाबाईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. त्यांना वाईट वाटलं, आणि त्या वाइटाच्या खाली कुठंतरी फार बरं वाटलं. आपल्यासाठी कुणाचा तरी डोळा लागला नव्हता.

त्यांनी डाळीचे फुणके वाफवले, कढी केली. चातुर्मास, म्हणून कांदा-लसूण नाही. ललितनं ऑफिसात कळवून दिवसाची रजा काढली. संध्याकाळी तो बापाच्या पाटावर बसला. मोबाईल बघून म्हणाला, "आई, उलटा ठेवलायस."

"बरोबर आहे तो. तुझ्याकडून सुलटा आहे."

त्यानं पट्ट्यांकडं बघितलं, मग आईकडं. बोट मात्र लावलं नाही. अभंग झाला, आरती झाली. घसा खाकरून तो म्हणाला, "छान वाजवतेस ग."

निघताना त्यानं स्वतः विमान काढलं.

"आता आरती झाली की लगेच काढायचं. घे शपथ."

"देवापुढं शपथ घेत नसतात. पण काढीन. श्रावणात कानबाईच्या सणाला येशील ना रे? नैवेद्याचे रोट तुमच्याशिवाय कुणी खायचे?"

"बघतो. सुट्टी मिळण्यावर आहे."

तो पुन्हा पूर्वीसारखा रविवारी फोन करू लागला. प्रमिलाबाई हात धुऊन, खण सोडून मोबाईल कानाला लावत. "बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "आरती व्हायचीय." "बरं, ठेवतो मग." कानबाई आली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. दिपमालानं फोनवरच हात जोडलेले दाखवले. असोद्याहून दीर आले, रोट खाऊन उभ्याउभ्या गेले.

त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी समई लावली आणि पाण्याची वाटी घेऊन बसल्या. समोर पाट होता. विमान दाबायला त्यांनी बोट ओलं केलं आणि एक गोष्ट त्यांच्या मनात अगदी स्पष्ट उभी राहिली. फोन लागतो तोवर तो येत नाही. लागला नाही तेव्हा धावत आला.

दाबायचं, आणि काढायचं नाही. खोटं काही बोलायचं नाही. म्हातारं माणूस, विसरलं, एवढंच. परवापर्यंत फाटकाशी मोटरसायकल उभी राहील.

बोटावरचं पाणी सुकत आलं. त्यानं पुन्हा पुढं केलेला रिकामा पेला त्यांना आठवला. पोराला रात्रभर जागं ठेवून आपण इथं कुणाचं नाव घ्यायचं? आणि दाबलं, तर आरतीनंतर आपला हात ते काढील, याची आज त्यांना खात्री नव्हती. त्यांनी विमानाला हातच लावला नाही. येऊ दे फोन मध्येच. आरती तुटली तर पुन्हा पहिल्यापासून म्हणू. देवाला काय घाई आहे?

त्यांनी बोट पुन्हा ओलं करून सूर धरला. आवाज त्यावर नीट बसला. धृपद आलं. ते त्यांनी एकदा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. जीवरामभाऊ असते तर म्हणाले असते, किती घोळवतेस. दोन ओळींच्या मध्ये त्या जरा जास्तच थांबत होत्या. काच उजळ होती. तिच्यावर पट्ट्या होत्या आणि पाण्याचे ठसे होते. दुसरं काही उमटत नव्हतं.

आरती कुठंही न तुटता पुरी झाली. प्रमिलाबाईंनी मोबाईल पुसला, खणात न गुंडाळताच देवापाशी ठेवला, आणि उरलेला रोट कढीत कुस्करून जेवायला बसल्या.