नफा दूध देते

साऱ्या जगात नफा पुल्लिंगी असेल, शेठच्या घरात मात्र ती स्त्रीलिंगी होती. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग किंचित खाली झुकलेलं, आणि धार काढताना लाथ मारायची खोड.

शेठ हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं होतं आणि त्याने ते मुकाट्याने वापरायला घेतलं होतं. गोठ्यात येण्यापूर्वी तो शहरातल्या एका कचेरीत बसून दुसऱ्यांना धंद्यात नफा कसा काढायचा ते शिकवायचा. गळ्यात टाय, मागे भिंतीवर आलेखाची वर चढत जाणारी रेघ. मग एकदा त्याला वाटलं, इतकं कळतं तर आपणच का करू नये? छोटासा गोठा, मोजक्या गायी, फवारणी न केलेला चारा, औषधाचा थेंब नाही. असं दूध लोक हातोहात नेतील. लोकांनी नेलंही. पण सेंद्रिय चारा साध्या चाऱ्याच्या दुप्पट भावाने यायचा, प्रमाणपत्र देणारी संस्था दरवर्षी आपला वाटा न्यायची आणि मागे उरायचं ते शेण. "तेही सेंद्रिय," असं शेठ स्वतःच म्हणून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला उरू नये.

बायकोचा भाऊ वर्ष संपत आलं की न चुकता फोन करायचा. "काय दाजी, यंदा नफा?" शेठ खोकायचा, आवाज नीट येत नाही म्हणायचा. शेवटी एका वर्षी गोठ्यात कालवड जन्मली आणि बायकोनेच तोडगा काढला.

"हिचं नाव नफा ठेवू. पुन्हा विचारलं की सांगा, आहे म्हणून. निदान खोटं बोलायला नको."

त्या वर्षी शेठ फोनवर छाती फुगवून म्हणाला, "आहे रे नफा! चांगली गुटगुटीत आहे."

"गुटगुटीत?" मेहुणा गोंधळला. "दाजी, गोठ्यात गेल्यापासून तुमचं व्याकरण बिघडलंय."

"सगळंच बिघडलंय. त्यातल्या त्यात व्याकरण बरं म्हणायचं."

कालवडीची गाय झाली, व्याली, आणि दोन गायींचं दूध एकटी देऊ लागली. पण पान्हा सोडण्याआधी तिला शेठचा आवाज लागायचा. तो पालथ्या बादलीवर बसायचा, तिच्या कुशीला डोकं टेकायचा आणि स्वतःच जुळवलेलं गाणं गुणगुणायचा:

जग धावतं नफ्यामागे, नफा काही गावेना,
माझी नफा दारी उभी, लोटली तरी जाईना.

दुसरी ओळ संपता संपता कास भरून यायची, किटलीत धारा वाजू लागायच्या, आणि किटली भरत आली की नफा नेम धरून लाथ झाडायची. शेठ म्हणायचा, "आजवर मी इतक्यांना सल्ले दिले, पण इतकं सरळ मत कुणी कळवलं नाही."

घरात चहाला मात्र दुकानातलं पिशवीचं दूध यायचं. आपलं दूध आपण प्यावं इतकी या घराची ऐपत नव्हती. बायको पिशवी फोडताना आधी खिडकी लावून घ्यायची. फाटकावरच्या पाटीवर शेठने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, 'औषधाचा थेंब नाही, मनात खोट नाही', आणि त्या पाटीसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती पिशवी दिसणं बरं नव्हतं.

यंदा मात्र काही वेगळंच घडत होतं. नफाच्या जोरावर टाकी रोज काठोकाठ भरत होती. शेठने बेरीज केली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली, मग बायकोकडून करवून घेतली. वर्ष संपायला थोडेच आठवडे उरले होते आणि पहिल्यांदाच खराखुरा, पुल्लिंगी नफा दिसू लागला होता. मेहुण्याने फोन करायच्या आत आपणच करावा, असं शेठच्या मनात घोळायला लागलं.

आणि एका सकाळी नफाच्या एका सडातून दुधाऐवजी गुठळ्या आल्या.

कास एका बाजूने दगडासारखी झाली होती, हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. नियमात बसेल ते सगळं शेठने केलं. गरम पाण्याने शेकलं, पुन्हा पुन्हा सड पिळून काढला, पाल्याचे लेप लावले. दुसऱ्या दिवशी नफाने गव्हाणीकडे तोंडसुद्धा वळवलं नाही.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, कास दाबून पाहिली, ताप पाहिला आणि बॅग उघडली.

"सुया द्याव्या लागतील. आजच."

"दुसरं काही? म्हणजे सेंद्रिय..."

"जंतू सेंद्रिय असते तर त्यांनी तुमचं ऐकलं असतं. सड तर जाईलच, पण विष अंगात भिनलं तर गाय जाईल."

शेठने पाटीकडे पाहिलं. संस्थेचा नियम साधा होता. एकदा सुई टोचली की ती गाय सेंद्रिय कळपातून कायमची बाद, आणि तिचं दूध टाकीत पडता कामा नये. साधं दूध गोळा करणारी गाडी गोठ्याकडचा चढ चढून येतच नव्हती. म्हणजे टाकी अर्धी राहणार, आणि नुकतीच वर चढू लागलेली रेघ धापकन खाली येणार. एक नफा वाचवायची तर दुसरा जाणार.

"आणखी एक दिवस थांबलो तर?" त्याने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही कुणाशी बोलताय? गाय इथे उभी आहे. तुम्ही तर अजून कचेरीतच बसलाय."

उगीच काहीतरी करायचं म्हणून शेठने बादली पालथी घातली, नफाच्या कुशीला डोकं टेकलं आणि सुजलेल्या सडाला हात लावला. सवयीने ओठांवर गाणं आलं. पहिली ओळ अर्धवटच सुटली, दुसरी जेमतेम निघाली. नफाचे मागचे पाय थरथरत होते. तरी दुसऱ्या ओळीला तिने कान मागे वळवला आणि त्या दुखऱ्या कासेतून, जमेल तेवढा, पान्हा सोडला. पिवळट पाणी आणि गुठळ्या शेठच्या मनगटावरून ओघळल्या. लाथेच्या भीतीने त्याने डोळे मिटून घेतले होते.

लाथ आलीच नाही.

"मार ना गं," शेठ पुटपुटला. "आज तरी मारायला हवी. मार."

नफा तशीच उभी राहिली. शेठने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. डॉक्टरीणबाईंना दिसू नयेत म्हणून तो बादली उचलण्याच्या निमित्ताने वाकला, आणि वाकूनच म्हणाला, "टोचा."

दुपारी त्याने स्वतःच संस्थेला फोन लावला. कळपात बदल झाला की कळवावं लागे.

"काय कमी झालं?" पलीकडच्या कारकूनबाईंनी विचारलं.

"नफा."

"अहो, ते सगळेच सांगतात. मी जनावर विचारतेय."

"जनावरच. नफा बाद झाली."

"झाला," बाईंनी सुधारलं.

"ती झाली म्हणून तोही झाला," शेठ म्हणाला. बाई जपून म्हणाल्या, "शेठ, घरात कुणी आहे ना तुमच्याजवळ?"

नफा हळूहळू सावरली. गव्हाणीत तोंड घालू लागली. औषध अंगातून उतरेपर्यंत तिचं दूध खड्ड्यात गेलं. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता प्यायला हरकत नाही. पण टाकीत चालणार नव्हतं आणि पाटीखाली विकता येणार नव्हतं. शेठ भरलेली किटली घेऊन अंगणात उभा राहिला. शहरातल्या मोठमोठ्या लोकांना माल कुठे खपवायचा ते सांगणारा माणूस, आणि त्याला हातातली किटली कुठे ठेवावी ते कळेना.

"आत आणा की," बायको दारातून म्हणाली. "आपल्याला तोंड नाही का?"

तिने चहा केला. खिडकी लावली नाही. दोघांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं.

"जरा जड लागतंय," शेठ म्हणाला.

"गाईचा वास येतोय," बायको म्हणाली.

मग दोघांना हसू फुटलं. इतकी वर्षं लोकांना ज्या चवीचं कौतुक सांगून दूध विकलं, ती चव दोघांनाही ओळखता आली नव्हती.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "काय दाजी, यंदा नफा?"

या खेपेलाही शेठ खोकला नाही. "घरात येते," तो म्हणाला. "रोज, दोन वेळा. वर जाड साय धरते."

"पुन्हा तेच व्याकरण! दाजी, खरं सांगा, उरलं काय?"

शेठने खिडकीतून पाहिलं. नफा गोठ्याच्या दारात रवंथ करत उभी होती. संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली होती. त्याच्या पोटरीवर सकाळचा ताजा, खुराच्या आकाराचा निळा डाग होता. त्याने त्यावरून हलकेच हात फिरवला.

"लाथ मारायला लागली रे," तो म्हणाला. "ठेवतो. ती वाट बघतेय."