दोन्हीकडे एकच पत्ता

जितेशने त्याच कोडची नववी आवृत्ती पाठवली तेव्हा मी कपाळाला हात लावला. सकाळचे अकरा वाजले होते आणि या बाबाने मागच्या खेपेला सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकच केली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

बोईसरच्या आमच्या ऑफिसात आम्ही कारखान्यांसाठी एक डबा बनवतो. कुठला व्हॉल्व्ह कधी बंद झाला, तो हुकूम कुठल्या मशीनकडून आला आणि कुठल्या मशीनला गेला, हे सगळं तो लिहून ठेवतो. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, आकड्यांचा. तो माणसाला वाचता येईल असा छापायचं काम डब्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटातल्या मुख्य प्रोग्रॅममध्ये होतं. ते कोड जितेश लिहितो, मी तपासते. खाली माझ्या नावाचा शेरा पडल्याशिवाय काही पुढे जात नाही.

"आकड्यांमध्ये टिंब की आडवी रेघ, यात तू माझा आठवडा खाल्लास," जितेश म्हणाला.

"पहिल्याच दिवशी ऐकलं असतंस तर?"

"पहिल्या दिवशी तू टिंब म्हणालीस, वैभवी. रेघ परवा सुचली तुला."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तेवढ्यात दारात पुंजाराम दिसले. मी राहते त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे नाशिककडचे, वीस वर्षं तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात पॅनेलवर, म्हणजे मशीन चालवायच्या बटनांसमोर, आहेत. गेल्या आठवड्यात भर दुपारी तिथला थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मध्येच बंद झाला आणि सगळा माल वाया गेला. हुकूम पुंजारामांच्या पॅनेलवरूनच सुटला, असं आमच्या डब्याची नोंद सांगत होती. त्यांना घरी बसवलं होतं. आज चार वाजता चौकशी होती आणि नोकरी जाणार हे ते जवळजवळ धरूनच चालले होते.

"ताई, मी बटनाला हातबी लावला न्हाई," ते म्हणाले. "पर समदे म्हनत्यात, मशीन खोटं बोलत न्हाई. डबा तुमचाच हाय ना?"

त्यांनी नोंदीचा कागद पुढे केला. हुकूम देणारा, त्यांचं पॅनेल. हुकूम घेणारा, तेच पॅनेल. मी वरची ओळ पाहिली, दुसऱ्या मशीनची होती. तिथेही दोन्हीकडे एकच पत्ता. अख्ख्या पानावर तेच. म्हणजे कारखान्यातलं प्रत्येक मशीन दिवसभर स्वतःलाच हुकूम सोडत बसलं होतं. कागद इतक्या लोकांच्या हातातून गेला आणि कोणाला काही खटकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

मी कोड उघडलं. पत्ता लिहायला आत एकच जागा ठेवली होती, एकच पाटी म्हणा. तिच्यावर देणाऱ्याचा पत्ता लिहायचा आणि तो कागदावर उतरायच्या आतच पुसून तिथेच घेणाऱ्याचा लिहायचा. मग छापताना दोन्हीकडे घेणाराच येणार. हुकूम पुंजारामांच्या पॅनेलला आला होता आणि त्यावरून व्हॉल्व्ह बंद झाला होता. तो कुठून आला, ते आमच्याच डब्याने पुसून टाकलं होतं.

"हे कुठल्या गाढवाने पास केलं?" मी विचारलं.

जितेशने कोडच्या खालचा भाग वर सरकवला. 'तपासलं, बरोबर आहे. वैभवी.' दोन वर्षांपूर्वीची तारीख.

मग सगळं आठवलं. तेव्हा दुसरा डबा उमरोळीच्या गिऱ्हाईकाकडे गेला होता. चाचणीला टेबलावर एकच होता. मी वैतागून म्हणाले होते, त्याला स्वतःशीच बोलायला लाव. दोन्हीकडे एकच पत्ता छापून आला, तो तसाच यायला हवा होता, आणि मी आकडे एका रेषेत का येत नाहीत यावरून अख्खी दुपार भांडले. सातपाटीला माझी आई बाजारात सुक्या बोंबलांच्या टोपलीशी दर वेळी सांगते, "नुसतं वरचं काय बगतेस, खाली हात घाल. वले बोंबील खालीच दडवतात." बोंबील घेताना मी ऐकते तिचं.

आम्ही दोन डबे समोरासमोर ठेवले. एकाने दुसऱ्याला हुकूम दिला. नोंदीत दोन्हीकडे दुसऱ्याचाच पत्ता. तो कागद छापला आणि मी पत्र लिहायला घेतलं.

"तांत्रिक बिघाड लिही," जितेश म्हणाला. "नावं कशाला? मालक तुला ठेवणार नाहीत."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण नुसतं 'बिघाड' लिहिलं तर कारखान्यातले म्हणणार, शेजारी आहे म्हणून सांभाळून घेतात. कोणी पास केलं, काय न तपासता पास केलं, ते सगळं मी लिहिलं.

चार वाजता मी कागद घेऊन कारखान्यात पोचले तेव्हा पुंजाराम भिंतीकडच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. चौकशीच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "या नोंदीवर कोणाला दोषी धरता येणार नाही. पुंजाराम, उद्यापासून पाळीवर या."

पुंजारामांनी टोपी काढली आणि तिच्यातच तोंड पुसलं.

साहेबांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "चूक पास करणारी, वैभवी. चूक शोधणारी, वैभवी. इथेही दोन्हीकडे एकच पडलंय. हीपण तीच गडबड का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "हे बरोबर छापलंय."