दाराकडच्या कोपऱ्यातली बॅट

मित्रांनो, मी टेबल टेनिसचे एक जुने टेबल आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनात, तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये माझे सारे आयुष्य गेले. शहर इथून जवळच आहे म्हणतात. मी ते एकदाच पाहिले, तेही ट्रकमध्ये आडवे पडून, ताडपत्रीच्या फटीतून.

मला घडवणारा सुतार मोठा चिकित्सक होता. रंधा मारून झाला की माझ्यावर गाल टेकवून, एक डोळा मिटून बघायचा, कुठे उंचवटा राहिला आहे का. मला ट्रकमध्ये चढवताना त्याने हमालांना बजावले, की याच्यावर चहाचे कप ठेवू देऊ नका. हमाल बिचारे काय करणार! माझ्या अंगावरचे गोल डाग बघाल तर सुताराचे कोणी किती ऐकले ते कळेल.

नव्याचे नऊ दिवस मलाही मिळाले. तास संपले की शेजारच्या खोलीत नाटकवाले घसा फोडायचे, वर गाणारे सूर लावत बसायचे, जिन्यात डोंगर चढणाऱ्यांचे बेत शिजायचे. पण खरी गर्दी माझ्याभोवती. शहरात राहणारी मुले बस सोडतील, पण डाव सोडणार नाहीत. मला तेव्हा वाटायचे, या हॉलमध्ये आलेले कोणी एकटे राहूच शकत नाही. किती भाबडे होते मी!

आमच्या खेळाची एक रीत होती. जिंकेल तो टिकेल, हरेल तो बाजूला. पुढचा नंबर हवा असेल त्याने आपली बॅट माझ्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर ठेवायची. दाराकडच्या कोपऱ्यावर ठेवलेली बॅट मात्र सगळ्यांची. कोणीही उचलावी, खेळावे, परत टाकावी. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. ज्याला ठाऊक होती त्याला वाटायचे, ही काय सांगायची गोष्ट आहे?

एका वर्षी नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवशी माझ्यावर चादर अंथरून खेळ मंडळाचे दुकान मांडले होते. मंडळाचा प्रमुख होता लांबू. मुलगा चांगला, बोलका, पण स्वागत एकदा केले की संपले अशा समजुतीचा. दूरच्या गावाहून वसतिगृहात आलेल्या एका मुलीने त्याला विचारले, की खेळायला कधी येऊ? तो म्हणाला, "कधीही ये गं. सगळं आपलंच आहे."

ती दुसऱ्याच दिवशी आली. हातात नवी कोरी बॅट, मुठीला आईने लाल कापडाची पट्टी गुंडाळून दिलेली. खिडकीशी जुन्या मंडळींचा घोळका होता. त्यांच्यातून वाट काढणे तिला बरे वाटले नाही. तिने बॅट दाराकडच्या कोपऱ्यावर ठेवली आणि भिंतीशी उभी राहिली. थोड्याच वेळात कोणीतरी ती उचलली आणि खेळू लागले. तिचा चेहरा खुलला. आपली बॅट घेतली, म्हणजे आता आपल्यालाही बोलावतील, असे तिला वाटले असावे.

कोणी बोलावले नाही. ती रोज येत राहिली. बॅट चांगली होती, त्यामुळे आयत्या बिळावर नागोबांची रांगच लागली. एकदा तिने धीर करून लांबूला "माझी बॅट..." एवढेच म्हटले. तो चेंडूवरची नजर न हलवता म्हणाला, "एवढा डाव होऊ दे ना." तिने मान हलवली. डाव संपला तेव्हा बॅट दुसऱ्याच्या हातात गेली होती. मी हे सगळे पाहत होते आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसांत मला स्वतःच्या चार पायांचा राग यायचा, एक पाऊलही उचलता येत नव्हते.

कधी भिंतीशी उभी असताना तिला आईचा फोन यायचा. मैत्रिणी झाल्या का, हा आईचा ठरलेला प्रश्न. ती सांगायची, "हो गं, रोज खेळते मी. आत्ताही तिथेच आहे." मागे चेंडूचा आवाज येतच असायचा. आईला शंका कशी यावी?

मग ती येईनाशी झाली. बॅट तेवढी माझ्या कोपऱ्यावर राहिली. तिचे येणे थांबल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परीक्षेच्या आधीच एका दुपारी ती आईबरोबर आली. खांद्यावर सामानाची पिशवी होती, डोळे सुजलेले. इथे करमत नाही एवढेच तिने घरी सांगितले होते आणि आई तिला न्यायला आली होती. निघताना मैत्रिणींचा निरोप घे, असा आईचाच आग्रह. लांबू खेळत होता. त्याच्या हातातली लाल पट्टी आईने लगेच ओळखली. तिने बॅट हातात घेतली, झिजलेल्या रबरावरून बोटे फिरवली आणि लेकीकडे कौतुकाने पाहिले.

"पार गुळगुळीत केलीस की गं. किती खेळलीस!"

मग लांबूकडे वळून तिने विचारले, "जिंकायची का रे कधी?"

लांबूने मुलीकडे पाहिले. चेहरा त्याला आठवत नव्हता. पण ती ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होती, त्यावरून त्याला सारे कळले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो काकू," तो म्हणाला, "छान खेळते."

आई समाधानाने हसली आणि तिने बॅट लेकीच्या पिशवीत ठेवली. मुलगी मान खाली घालून दाराबाहेर पडली. मित्रांनो, त्या हॉलमध्ये तिच्याबद्दल कोणी बोललेला तो एकच चांगला शब्द, आणि तोही खोटा.

मग लांबूला कोणीतरी हाक मारली, त्याने दुसरी बॅट उचलली आणि डाव पुढे सुरू झाला.

आता माझा एक पाय विटेवर टेकलेला आहे, रंग उडाला आहे, लवकरच मला अडगळीत टाकतील. त्याचे मला फारसे वाटत नाही. रीत अजून तीच आहे आणि नव्यांना ती अजूनही कोणी सांगत नाही, याचेच वाटते. मला पुसू नका, रंगवू नका, खुशाल माझ्यावर कप ठेवा. पण खेळताना एकदा भिंतीकडे बघा, आणि तिथे कोणी उभे असेल तर त्याला नाव विचारा.