कासवाला उजेड दाखवू नये

मुलीला कळलं तो बुधवार. तिच्या आईला जाऊन पाच दिवस झाले होते आणि तिचं बाळ तीन दिवसांचं होतं. जावयाने फोन लावून दिला, मी आईचं दुखणं आणि जाणं दोन्ही सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सात महिने, म्हणालो.

मी जुनं फर्निचर दुरुस्त करतो. बायको एकवीस वर्षं किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करायची. जेवताना आमचं भांडण ठरलेलं, माझा लाकूड पोखरणारा भुंगा मोठा की तिचं कासव. मी म्हणायचो, माझा भुंगा अळी असताना तीन-तीन वर्षं खुर्चीच्या पायात राहतो, वर बसलेल्याला पत्ता नसतो. ती म्हणायची, "त्यात कसली हुशारी? राहायचं तेच घर खायचं. माझं कासव अख्खा समुद्र फिरून अंडी घालायला आपल्या किनाऱ्यावर येतं. तुमच्यासारखं घरकोंबडं नाही." मी आणखी एक भाकरी वाढून घ्यायचो.

तिचं दुखणं कळलं तेव्हा मुलीला दुसरा महिना होता. त्याआधी दोनदा गर्भ पडला होता. बायकोने बजावलं, वाळूत चढणाऱ्या कासवाला उजेड दाखवला की ते अंडी न घालताच माघारी फिरतं, पोरीची सुटका होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी हो म्हटलं. बोलता बोलता तिला खोकला आला की फोन मी घ्यायचो आणि खोकला माझाच असल्यासारखा खोकायचो.

खुर्चीला बाहेरून भोक दिसतं तेव्हा किडा आतलं काम उरकून निघून गेलेला असतो. गिऱ्हाइकांना मी सुनावतो, इतके दिवस काय करत होता?

शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "जाऊ दे ते कासव. पोरीला फोन करा. मला बोलायचंय तिच्याशी."

डॉक्टर म्हणाले होते, आठवडा तरी जाईल. मुलीची तारीख दोन दिवसांवर होती. मी म्हटलं, एवढे दिवस काढलेस, आणखी दोन काढ. तिने पुन्हा विचारलं नाही. दुपारी तीनला गेली.

महिन्याने मुलगी बाळाला घेऊन आली. पहिले दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आईचाच हट्ट असणार. तिच्यापुढे तुमचं कधी चाललंय, बाबा?"

मी मान हलवली.

त्यानंतर पाच दिवस राहिली. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. काल ती परत गेली. आईने शेवटी फोन करायला सांगितलं होतं आणि मी केला नाही, हे तिला सांगायचं राहिलं आहे.